श्वेतद्रव्याचा आजार आणि घरची शुश्रूषा



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे हा विषय छापलेला पाहून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. यापूर्वी दोनदा मला या व्यासपीठावर बोलावण्यात आले आणि दोन्ही वेळा विषय मजुरीचा होता. वैद्यकाचा मला अधिकार नाही. दहावीपुढे शाळेचा उंबरठा मी ओलांडलेला नाही. जे थोडेबहुत वाचले ते नगर वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत रात्री बसून. तेव्हा डॉक्टर मंडळींनी सांगावयाचे ते मी सांगणार नाही. मी इतिहास सांगणार आहे. एका आजाराचा आणि त्या आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाचा. यांपैकी पहिला इतिहास पुस्तकांतून सापडतो. दुसरा कोणी सलग लिहून ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही. तो कायद्यांच्या कलमांतून आणि कोर्टांच्या निकालांतून वेचावा लागतो. तसले कागद वाचण्याची खोड मला धंद्यानेच लागलेली आहे.

विषय निवडण्याचे कारण खाजगी आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. माझ्या पत्नीला चार वर्षांपूर्वी, वयाच्या ५१ व्या वर्षी, मेंदूतील श्वेतद्रव्याचा आजार असल्याचे निदान झाले. त्यावर मी पुढे बोलेनच. आधी हे श्वेतद्रव्य म्हणजे काय ते पाहू.

मेंदू कापून पाहिला तर त्यात दोन रंग दिसतात. वरची साल करडी आणि आतला गाभा पांढरा. व्हेसेलियसच्या १५४३ सालच्या प्रसिद्ध ग्रंथातील चित्रांतही हा भेद दाखवलेला आहे. पण त्या पांढऱ्या भागाचे काम काय, हे पुढे शेकडो वर्षे कोणाला उमगले नव्हते. १६६५ साली पॅरिसमध्ये निल्स स्टेन्सन नावाच्या एका तरुण डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने मेंदूवर व्याख्यान दिले. आरंभीच त्याने जाहीर कबुली दिली की, या अवयवाविषयी आपल्याला काहीही ठाऊक नाही. व्याख्यानाची अशी सुरुवात करावयास छाती लागते. तथापि त्याने एक मार्ग मात्र सुचवला. हा पांढरा भाग म्हणजे तंतूंची रचना आहे. तेव्हा एकेक तंतू धरून तो कोठून निघतो आणि कोठे जातो याचा माग काढावा. आपले गाव मागवाल्यांचे आहे, तेव्हा ही गोष्ट आपणांस पटकन समजेल. करड्या भागात पेशींची वस्ती. पांढरा भाग म्हणजे त्या पेशींनी एकमेकींकडे सोडलेले धागे. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००३ साली या धाग्यांचे मोजमाप प्रसिद्ध केले. विशीतल्या माणसाच्या मेंदूतील वेष्टन असलेले सारे धागे टोकाला टोक जोडून मांडले तर त्यांची लांबी पुरुषांत सुमारे १,७६,००० आणि स्त्रियांत सुमारे १,४९,००० किलोमीटर भरते. ऐंशीच्या घरात पोचेपर्यंत त्यांतले जवळजवळ निम्मे सूत गेलेले असते.

प्रत्येक धाग्यावर चरबीचे वेष्टन असते आणि त्या चरबीमुळेच हा भाग पांढरा दिसतो. या वेष्टनाला मायेलिन हे नाव फिर्खो या जर्मन डॉक्टराने १८५४ साली दिले. हाच तो फिर्खो, ज्याने १८४८ साली सायलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करून तिच्यावरचा उपाय म्हणून शिक्षण, स्वातंत्र्य आणि सुबत्ता लिहून दिली. माझ्यासारख्याला तो माणूस एवढ्यावरूनच आवडतो. असो. वेष्टन शाबूत असले तर संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंतच्या वेगाने धावतो. वेष्टन नसलेल्या बारीक धाग्यातून तो जेमतेम मीटरभर सरकतो. शिवाय या पांढऱ्या गाभ्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या लांब आणि केसासारख्या बारीक. कालव्याच्या टेलला ज्याचे शेत आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावयास नको. वर पाणी थोडे कमी झाले की पहिले शेत वाळते ते त्याचे. रक्तदाब वर्षानुवर्षे चढलेला राहिला, मधुमेह असला, तंबाखू-विडी चालू राहिली, की या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड व कडक होतात आणि टेलचे धागे हळूहळू विरू लागतात. श्वेतद्रव्याचे आजार दुसरेही आहेत. शार्कोने १८६८ साली ज्याचे वर्णन केले तो मल्टिपल स्क्लेरोसिस त्यांतलाच. तो तरुणपणीच येतो आणि त्याचे कारण निराळे. मी बोलतो आहे तो रक्तवाहिन्यांमुळे होणारा, आणि सर्वांत जास्त आढळणारा.

याची पहिली ओळख पॅरिसच्या अनाथ-वृद्धांच्या आश्रयस्थानांत पटली. बिसेत्र येथे म्हातारे, निराधार पुरुष ठेवीत आणि साल्पेत्रिएर येथे स्त्रिया. ज्यांना घर नव्हते, किंवा घरी सांभाळणारे कोणी नव्हते, असे हे लोक. ते तेथेच राहत, तेथेच मरत, आणि मरणानंतर त्यांची शवे तपासली जात. द्युराँ-फार्देल नावाच्या डॉक्टराने १८४२-४३ च्या सुमारास लिहिले की, काही वृद्धांच्या मेंदूचा पांढरा भाग विरळ झालेला असतो आणि काहींत बारीक छिद्रे पडून तो चाळणीसारखा दिसतो. पुढे १९०१ साली प्येर मारी याने बिसेत्रच्या म्हाताऱ्यांवर निबंध लिहिला. हे लोक अगदी लहान लहान पावले टाकीत, जमिनीवरून पाय घासत चालतात, हे त्याने नोंदवले आणि मेंदूतील बारीक खळग्यांशी त्याचा संबंध जोडला. ज्ञानाचा हा सगळा पाया गोरगरिबांच्या देहांवर रचलेला आहे, हे मला येथे सांगितलेच पाहिजे. त्या म्हाताऱ्यांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी वाचलेली नाहीत.

दरम्यान १८९४ साली येना येथील वेड्यांच्या रुग्णालयाचा प्रमुख ऑटो बिन्सवांगर याने एक निबंध प्रसिद्ध केला. तत्त्वज्ञ नीत्शे याला १८८९ साली बुद्धिभ्रंश झाला तेव्हा ज्याच्या रुग्णालयात ठेवले होते, तोच हा बिन्सवांगर. त्या काळी युरोपातील वेड्यांची इस्पितळे उपदंशाच्या रोग्यांनी भरलेली असत. उपदंशाचे विष मेंदूत उतरले की माणसाची बुद्धी आणि चाल दोन्ही ढासळत. त्यामुळे प्रौढ वयात कोणाची बुद्धी मंदावली की त्याने कधीतरी बाहेरख्यालीपणा केला असणार, असा संशय सरसकट घेतला जाई. बिन्सवांगरने दाखवून दिले की, उपदंशाशी काडीचा संबंध नसलेले असेच काही रोगी असतात. त्यांच्या मेंदूची साल बरीचशी शाबूत, पण आतला पांढरा गाभा झिजलेला असतो. सूक्ष्मदर्शकातून त्याने ते पाहिलेले नव्हते. ते काम अलोइस आल्झायमर याने केले आणि १९०२ साली या आजाराला बिन्सवांगरचे नाव दिले. शास्त्रदृष्ट्या या निबंधाचे मोल किती, ते तज्ज्ञ ठरवतील. माझ्या दृष्टीने त्याने काही बायकांच्या आणि नवऱ्यांच्या डोक्यावरचा एक कलंक उतरवला.

आता याच आल्झायमरच्या दुसऱ्या एका रोग्याकडे वळतो. आजार वेगळा असला तरी ती हकीकत सोडवत नाही. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगुस्टं डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. जिच्यावरून आल्झायमरचे नाव आज जगाच्या तोंडी आहे, तीच ही बाई. तिच्या आजाराची कागदपत्रे हरवली होती. ती १९९५ साली फ्रँकफुर्टमध्येच सापडली. त्यांत डॉक्टराने तिला विचारलेले प्रश्न आहेत आणि तिची उत्तरे आहेत. तिचा नवरा कार्ल रेल्वेत कारकून होता. बायको उगाच संशय घेऊ लागली, स्वयंपाकात चुका होऊ लागल्या, विसर पडू लागला, हे सारे डॉक्टराला त्यानेच सांगितले. रुग्णालयाचा खर्च त्याला झेपेना, म्हणून तिला स्वस्त ठिकाणी हलवावे, अशी त्याची खटपट चालली होती. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली. शंभर वर्षांत या बाईवर ग्रंथ निघाले. पण कार्ल डेटर दिवसाची पाळी संपवून रुग्णालयात कसा जात होता, त्याला रजा मिळत होती की नाही, पगार कापला जात होता काय, हे प्रश्न कोणी विचारलेले मला आढळले नाहीत. आजाराच्या इतिहासात सोबतीचे माणूस येते ते "नवऱ्याने सांगितले" किंवा "पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे" एवढ्या दोन शब्दांपुरते.

बिन्सवांगरचा आजार मात्र नंतर जवळजवळ विस्मरणात गेला. कारण साधे आहे. जिवंत माणसात तो दिसत नसे. येर्झी ओल्शेव्स्की नावाच्या पोलिश वंशाच्या कॅनडावासी शास्त्रज्ञाने १९६२ साली जुने सारे लेखन चाळून त्याची पुन्हा मांडणी केली, तेव्हाही निदान व्हावयाचे ते मरणोत्तरच. मग यंत्रे आली. ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या ई. एम. आय. कंपनीतील इंजिनियर हाउन्सफील्ड याच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डनच्या रुग्णालयात पहिल्या जिवंत रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले. पाठोपाठ चुंबकाच्या साहाय्याने चित्र काढणारा एम. आर. आय. आला, आणि श्वेतद्रव्यातील डाग दिव्यासारखे लख्ख दिसू लागले. ते इतक्या लोकांत दिसू लागले की डॉक्टर मंडळीही गोंधळली. कॅनडाच्या हाचिन्स्की यांनी सहकाऱ्यांसह १९८७ च्या सुमारास त्याला ग्रीक शब्दांवरून ल्यूकोअरायोसिस, म्हणजे पांढऱ्याची विरळण, असे नाव दिले; हेतू हा की, कारण नक्की ठरेपर्यंत रोगाचा शिक्का मारला जाऊ नये. हॉलंडमध्ये रॉटरडॅम येथे ६० ते ९० वयाच्या हजारावर लोकांची तपासणी झाली; तिचे निष्कर्ष २००१ साली आले. डाग मुळीच नसलेले लोक शेकडा पाचच निघाले.

म्हणून आपल्या रिपोर्टवर "वयोमानानुसार बदल" असे लिहून येते. ते खोटे असते असे नाही. परंतु थोडे डाग असणे आणि पांढरा गाभा भरून डाग असणे यांत, विटलेला शर्ट आणि फाटलेला शर्ट एवढा फरक आहे. माझ्या पत्नीच्या पहिल्या रिपोर्टवर हेच वाक्य होते आणि ५१ व्या वर्षी कोणते वयोमान, हे विचारावयास आम्हांला दुसऱ्या शहरी जावे लागले. त्याआधी दीड वर्ष एका दवाखान्यात तिला ताकदीच्या गोळ्या देण्यात आल्या. त्या दीड वर्षात तिच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी एकदाही बांधली गेली नव्हती. दुसरीकडे बांधली तेव्हा वरचा आकडा १९० होता.

रक्तदाबाचाही इतिहास थोडक्यात सांगतो, कारण या आजाराची दोरी बव्हंशी त्याच्याच हाती आहे. पट्टी बांधून दाब मोजण्याचे साधन इटलीच्या रिवा-रोच्चीने १८९६ साली काढले. नळी लावून ऐकण्याची रीत रशियन कोरोत्कोव्हने १९०५ साली सांगितली. दाब मोजता येऊ लागला, पण तो उतरवावा की नाही याबद्दल एकमत नव्हते. कडक झालेल्या नळ्यांतून रक्त ढकलण्यासाठी शरीराला तो हवाच असतो, असे मानणारे मोठमोठे डॉक्टर होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन वारले, तेव्हा त्यांचा दाब ३०० वर १९० होता. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला देण्याजोगे चांगले औषध तेव्हा नव्हते. ते औषध पुढे आणण्यात आपल्या मुंबईचा वाटा आहे, ही गोष्ट शाळेत शिकवली जात नाही. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबाच्या ५० रोग्यांवर प्रयोग करून त्याचे निष्कर्ष १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. १९५७ साली अमेरिकेत त्यांना लास्कर पारितोषिक मिळाले. सर्पगंधेने काही रोगी फार खिन्न होतात असे पुढे दिसून आले आणि नवी, निर्धोक औषधे आली. अगदी अलीकडे, २०१९ साली, अमेरिकेतील स्प्रिंट नावाच्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचा यत्न केलेल्या लोकांत बुद्धीचे सौम्य मांद्य कमी आढळले आणि श्वेतद्रव्यातील डागही कमी वाढले. झालेले नुकसान कोणतेही औषध भरून काढीत नाही. पुढचे अडवता येते. कोणाचा आकडा किती असावा ते आपापल्या डॉक्टरांनी ठरवावे. पण पट्टी बांधून घ्या, एवढे मी अधिकार नसतानाही सांगतो.

आता घरातले. पत्नीच्या परवानगीने बोलतो आहे. परवानगी विचारली तेव्हा बराच वेळ ती गप्प होती आणि मग म्हणाली, "सांगा. पण रडकं सांगू नका."

या आजारात विसरणे हे पहिले लक्षण असेलच असे नाही. पहिली येते ती मंदता. वीस वर्षे आमच्या युनियनच्या वर्गणीचा हिशेब तिने ठेवला. अजूनही कोणाची वर्गणी कोणत्या महिन्यापासून थकली आहे हे ती सांगते. फक्त उत्तर यायला वेळ लागतो. धागा तुटलेला नाही, रस्ता लांबचा झालेला आहे. मध्येच आपण दुसरा प्रश्न विचारला की पहिले उत्तर वाटेतच राहते. म्हणून आमच्या घरी नियम आहे, एका वेळी एकच प्रश्न, आणि मग थांबणे. भेटायला येणारे लोक तिच्यादेखत मला विचारतात, "वहिनींची तब्येत कशी आहे?" मी म्हणतो, "त्यांनाच विचारा," आणि गप्प राहतो. सुरुवातीला लोकांना हा उद्धटपणा वाटे.

दुसरे लक्षण अधिक फसवे आहे. माणूस स्वतः होऊन काही आरंभच करीत नाही. चहा करावयाचा आहे हे तिला ठाऊक असते. साखर कुठे, पातेले कुठे, सारे ठाऊक. पण हात उठत नाही. आपण पातेले गॅसवर ठेवून दिले की पुढचा चहा ती करते, आणि चांगला करते. मेंदूचा पुढचा भाग आणि खोलवरची केंद्रे यांना जोडणारे धागे दुखावले की असे होते. शेजारीपाजारी याला आळस म्हणाले, कोणी माज म्हणाले, एका जवळच्या नातेवाइकाने बाहेरची बाधा ठरवली. बिन्सवांगरच्या काळी उपदंशाचा संशय घेत, तसलाच हा प्रकार. फक्त शिवी बदलली. नवऱ्याला किंवा बायकोला सर्वांत लागणारी गोष्ट हीच की, समोरच्या माणसाला आता आपले काही वाटेनासे झाले. तसे नसते. माझ्या खोकल्याचे औषध संपले हे तिच्या लक्षात असते. ते सांगण्यासाठी तोंड उघडणे तेवढे होत नाही. आणि कधीकधी क्षुल्लक बातमीवर तिला रडू कोसळते. तेही दर खेपेला दुःखाचे नसते, धरून ठेवणारा दोर सैल झालेला असतो.

चालीचे तर प्येर मारीने लिहून ठेवलेच आहे. उंबऱ्यांवर आम्ही पिवळी पट्टी चिकटवली, न्हाणीत प्लास्टिकचे स्टूल आणि भिंतीला दांडी बसवली, रात्री लघवीची घाई होते म्हणून पलंगापासून मोरीपर्यंत दिवा जळतो. सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या. रोज संध्याकाळी आम्ही अर्धा तास चालतो. या सगळ्याला पैसा थोडा लागतो. लागतो तो वेळ. गेटसभा पहाटे सहाला आणि रात्री आठला, पाळी बदलताना. नेमक्या याच वेळा घरी लागतात. मी संघटक असल्यामुळे सहकाऱ्यांनी रात्रीच्या सभा वाटून घेतल्या. कारखान्यात पाळी करणाऱ्याला कोण वाटून घेणार?

येथून माझ्या विषयाचा दुसरा भाग सुरू होतो.

शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसाला स्वतंत्र नाव असावे, त्याचा काही हक्क असावा, ही कल्पना साठ-पासष्ट वर्षांपलीकडची नाही. इंग्लंडात मेरी वेब्स्टर नावाच्या धर्मोपदेशिकेने १९५४ साली आईवडिलांच्या सेवेसाठी नोकरी सोडली. १९६३ साली तिने वर्तमानपत्रांना पत्र लिहून विचारले की, माझ्यासारख्या अविवाहित मुली घराघरांत अडकून पडल्या आहेत, त्यांचे पुढे काय? उत्तरांचा पाऊस पडला. १९६५ साली अशा स्त्रियांची संस्था उभी राहिली आणि तिच्या रेट्याने कायदे हलू लागले. वेब्स्टरबाई १९६९ सालीच वारल्या. १९७५ च्या कायद्याने पंगू माणसाची देखभाल करण्यासाठी काम सोडणाऱ्याला भत्ता मंजूर झाला आणि १९७६ पासून तो मिळू लागला. पण त्यात एक मेख होती. विवाहित स्त्रीला तो मिळणार नव्हता. सरकारचे म्हणणे असे की, ती नाहीतरी घरीच असते! म्हणजे मी इंग्लंडात असतो तर पत्नीची सेवा केल्याबद्दल भत्त्यास पात्र ठरलो असतो; मी अंथरुणाला खिळलो असतो आणि तिने तेच काम केले असते, तर तिला एक पेनी मिळाली नसती. जॅकलिन ड्रेक नावाच्या विवाहित बाईने १९८४ साली आईसाठी नोकरी सोडली, भत्ता मागितला आणि नकार मिळताच ती थेट युरोपीय न्यायालयापर्यंत लढली. २४ जून १९८६ रोजी निकाल तिच्या बाजूने लागला. निकालाच्या तोंडावर सरकारनेही माघार घेतली.

ही मेख आपल्या गल्लीतही आहे. मी बायकोला हाताला धरून फिरवतो म्हणून लोक मला देवमाणूस म्हणू लागले आहेत. आमच्या युनियनमध्ये एक कांडीवाली आहे. तिचा नवरा अकरा वर्षे पक्षाघाताने पडून आहे. पहाटे त्याचे सारे उरकून ती कामावर येते, दुपारच्या सुट्टीत त्याला भरवायला घरी धावते. तिला कोणी देवी म्हटल्याचे माझ्या कानांवर आलेले नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९८१ साली १५६ क्रमांकाचा करार केला. कुटुंबातील मुलांची किंवा आजारी माणसांची जबाबदारी असलेल्या कामगाराला, तो पुरुष असो वा स्त्री, त्यामुळे कामावर तोटा होऊ नये, असे त्यात म्हटले आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. अमेरिकेने १९९३ साली जोडीदाराच्या आजारासाठीही बारा आठवडे रजेचा कायदा केला. रजा बिनपगारी, पण नोकरी शाबूत. जपानात आजारी नातलगामागे ९३ दिवसांपर्यंत रजा मिळते आणि ती तुकड्यातुकड्यांनी घेता येते. असल्या आजारात तुकडेच हवे असतात. एकदम मोठी रजा घेऊन काय करणार?

आपल्याकडचा राज्य कामगार विम्याचा कायदा १९४८ चा. योजनेचे उद्घाटन २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपुरात झाले. मोठी योजना आहे, आणि तिच्यासाठी जे झगडले त्यांचे ऋण मी मानतो. कामगार स्वतः आजारी पडला तर त्याला आजारपणाचा भत्ता आहे. कुटुंबालाही उपचार आहेत. पण बायको आजारी आणि कामगार तिला घेऊन तपासणीच्या रांगेत उभा, त्या दिवसाच्या मजुरीचा त्या कायद्यात कोठेही विचार नव्हता.

मालक म्हणतात, असली रजा कधी कोणी ऐकली आहे काय? नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली तेव्हाही हेच म्हटले गेले होते. ती १० जून १८९० रोजी मिळाली. हेच लोखंडे प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करता करता १८९७ साली स्वतः प्लेगने गेले. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. कायदा १९२९ साली झाला. त्या आधी बाळंतपणाच्या रजेला पगार ही कल्पनाही अशीच चेष्टेची होती.

गेल्या दोन दिवाळ्यांच्या बोलण्यांत आम्ही मागणीपत्रात एक कलम घातले. घरातील आजाऱ्याच्या शुश्रूषेसाठी वर्षाला सहा दिवस भरपगारी रजा, ती अर्ध्या अर्ध्या दिवसानेही घेता यावी, आणि पाळी बदलून घेण्याची मुभा. पहिल्या वर्षी मालक हसले. "आज बायको, उद्या सासू," असे एक जण म्हणाले. दुसऱ्या वर्षी अडचण आली ती हिशेबाची. आमचा कामगार पीसरेटवर. रजेच्या दिवशी मीटरच नाहीत, तर पगार कशाचा काढणार? या मुद्द्यावर दोन बैठका मोडल्या. घरी मी तेच बडबडत बसलो होतो. पत्नी खिडकीशी होती. बऱ्याच वेळाने, मी दुसऱ्या विषयावर गेल्यानंतर, ती म्हणाली, "तीन महिन्यांची सरासरी काढा. बोनसला काढतो तशी." तिसऱ्या बैठकीत तेच मांडले.

आमच्या गावातील काही कारखान्यांत या वर्षीपासून हे कलम लागू झाले आहे. सहाऐवजी चार दिवस मिळाले. अर्जाचा नमुना आम्हीच छापून घेतला. त्यात "आजाऱ्याशी नाते" असा एक रकाना आहे. पहिला अर्ज त्या कांडीवालीचा आला, अर्ध्या दिवसाचा. नवऱ्याला रक्तदाब दाखवायला न्यावयाचे होते.